मेली म्हटलेली जमीन

।। श्री ।।
राणीखेतजवळ,
ता. २२ एप्रिल १९७३

ती. सौ. साळूआक्कास,
गोरक्षचा साष्टांग नमस्कार. वि. वि. मी इकडे खुशाल आहे. तुम्हा सर्वांची खुशाली कळव.

तुझं पत्र मिळालं. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर तू जातेस हे वाचून बरंही वाटलं आणि वाईटही. पाटी घेताना चुंबळ जाड कर. दाजींचा खोकला कसा आहे? मुलं सुकडी खातात का?

इकडे उन्हाळा म्हणजे आपल्याकडचा माघ. पण रान कोरडं ठाक आहे. माती तपासायचं माझं काम चालू आहे. गेल्या आठवड्यात बारा ठिकाणची माती तपासली, एकीतही एक जीव निघाला नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांची तब्येत जपावी. त्यांना लांबून पाणी आणू देऊ नये. जास्त काय लिहू? कार्डावरची जागा संपली.

तुझा,
गोरक्ष


।। श्री ।।
राणीखेतजवळ,
ता. १३ मे १९७३

ती. सौ. साळूआक्कास,
गोरक्षचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. मी जिवंत आहे.

दर वेळी 'खुशाल आहे' लिहितो तसं हे सवयीनं लिहिलेलं नाही. आधी एवढं आबांना ऐकव, मग पुढचं वाच. आणि या पत्राचे चारही कोपरे जागेवर आहेत ना, ते बघून घे. पाकिटात घालताना मी दोनदा पाहिलेत. वाटेत टपालातल्या उंदरानं खाल्ला तर मात्र तो उंदीर जाणे.

तुझं पत्र परवा आलं. पहिल्यांदा उभ्यानं वाचलं, दुसऱ्यांदा बसून. तिसऱ्यांदा वाचताना समोरचा चहा निवून गेला. तू लिहिलंस:

"कार्ड आलं तवा मी कामावर हुते. पोस्टमन येरवी कार्ड वाचून दावतो, च्या पितो, मंग जातो. त्या दिशी त्यानं कोपरा फाटल्याला बगितला आन आबाच्या हातात कार्ड देऊन म्हनला, साळूबाईकडनं वाचून घ्या. सायकलीवर टांग मारली आन गेला. वर बगितलं न्हाई. सांजच्याला मी आले तर आबा उंबऱ्यावर बसल्याले. धोतर-पैरन वलं. हंडा पालथा. चार दिसांनी टँकर आल्ता, घरात तेवढाच एक हंडा हुता. मी वरडले, पानी कुटं गेलं? तर म्हनले, आंघूळ केली. गोरक्षच्या नावानं."

कोपरा मीच फाडला, आक्का. मयताची बातमी असली की पत्राचा कोपरा फाडून धाडतात, हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? आई गेली तेव्हा मामाला धाडायच्या कार्डाचा कोपरा तू फाडलास आणि मी शेजारी नाक ओढत उभा होतो. पण गेली दोन वर्षं कागदाचे तुकडे फाडणं हाच माझा धंदा झालाय. मातीतून निघालेले जीव बारक्या बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवतात. माती कुठली, किती खोलवरची, कुठल्या दिवशीची, ते शिसपेन्सिलीनं चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी बाटलीच्या आतच टाकायची असते. बाहेर चिकटवलेली गळून पडते, आणि पातळ कागदाचा आत लगदा होतो. म्हणून जाड कागद लागतो. तो संपला होता. समोर तुला लिहिलेलं कार्ड पडलं होतं, त्याच्या एका कोपऱ्यात लिहिलेलं काही नव्हतं, आणि माझा हात गेला. गंमत बघ, ती बाटलीही रिकामीच होती. रिकाम्या बाटलीच्या चिठ्ठीपायी मी माझ्याच बापाला माझी आंघोळ करायला लावली.

'जागा संपली' असं मी कार्डावर लिहिलं तेही खोटं होतं. कोपरा कोरा होता. 'आबा कसे आहेत' एवढं विचारायला तो पुरला असता. 'वडीलधारे' असं मोघम लिहून मी पळवाट काढली. पाच वर्षं काढतोय.

मग तू त्यांना कार्ड वाचून दाखवलंस. ते म्हणाले, "पुन्ना वाच." असं चार वेळा. आणि चौथ्या वेळेनंतर म्हणाले, "खुशाल हाय म्हनतो आन कोपरा फाडतो? अक्कल कुटं गहान टाकली का काय ह्यानं?" ही शिवी वाचून मला हसू आलं. पुढं तू लिहिलंस की ते न जेवता गोठ्यात जाऊन बसले. गोठ्यात बैल नाहीत, ते गुरांच्या छावणीत आहेत, तरी बसले. तिथं माझं हसू गेलं आणि मी रडलो. इथल्या चौकीदाराच्या बायकोनं पाहिलं, पण चहाचा पेला उचलून ती निघून गेली.

आता पाच वर्षांत जे लिहिलं नाही ते लिहितो. तुला सगळं ठाऊक आहे, तू दाराशीच उभी होतीस. तरी माझ्या अक्षरात ते एकदा असू दे.

शेतकी कॉलेजची शेवटची परीक्षा देऊन मी घरी आलो तेव्हा असाच मे महिना होता. शिकून आल्याची खाज अंगात होती. वरच्या पट्टीतली, बांधालगतची माती मी काढली, पत्र्याच्या नरसाळ्यात जाळीवर पसरली आणि वर कंदील टांगला. युक्ती साधी आहे. वरून ऊब लागली की मातीतले बारीक जीव खाली पळतात आणि खाली ठेवलेल्या बाटलीत पडतात. पाच दिवस कंदील जळला. बाटलीत एकही पडला नाही. ती रिकामी बाटली हातात नाचवत मी चावडीवर गेलो. आबा काकासाहेबांशी बोलत बसले होते. काकासाहेब म्हणजे गावाला अक्कल वाटणारा माणूस, आणि त्यांच्यादेखत मी म्हणालो, "आबा, तुमची जमीन मेली. तिच्यात जीव उरला नाही."

काकासाहेब मांडीवर थाप मारून आबांना म्हणाले, "मंग गहिनीनाथ, जमिनीचं तेरावं कधी घालतूस? येतो की आमी जेवायला."

आबा तिथून उठून घरी आले. तेव्हा आपल्या विहिरीला पाणी होतं. पोहऱ्यावर पोहरा काढून त्यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर ओतला आणि मला म्हणाले, "जमीन न्हाई मेली. तू मेलास. तुज्या नावानं आंघूळ केली मी." लोक हे नुसतं तोंडानं म्हणतात. आबांनी करून दाखवलं.

मी दुसऱ्या दिवशी पिशवी भरली. बापानं आपल्याला मेला म्हटलं, एवढंच मी पाच वर्षं उराशी धरून बसलो. मी त्यांच्या जमिनीला काय म्हटलं होतं ते सोयीस्कर विसरलो. जिच्या ढेकळांवर ते जन्मभर अनवाणी चालले तिला मी चारचौघांत मेली म्हणालो. आणि आक्का, मी चुकीचं बोललो होतो. कसं ते मला आत्ता कुठं कळलंय.

इथल्या झाडाला चीड म्हणतात. आपल्याकडे चीड माणसाला येते, इथं ती डोंगरावर उगवते. पानं म्हणजे वीतभर लांब सुया. चैत्र-वैशाखात त्या गळून त्यांचा घोटाभर थर साचतो. त्या थराला इथं पिरूल म्हणतात. त्यावरून पाय सटकतो, त्याला आग पटकन लागते, आणि कुजायला मात्र वर्षानुवर्षं घेतो. पण पावसाळ्यात याच पिरूलखालच्या एका ओंजळभर मातीत मी चारशे जीव मोजलेत. थंडीत दहिवर गोठायला लागलं की ते निम्म्यावर येतात. आणि एप्रिल-मेमध्ये शून्य. दोन उन्हाळे मी वहीत सुबक अक्षरात शून्य लिहीत आलो. माझ्या वरचे साहेब वही बघून नुसते हुं म्हणायचे.

तपासून झालेली माती मी कुंपणापलीकडे टाकत असे. चौकीदाराची बायको ती भरून न्यायची आणि फुटक्या डब्यांत कोथिंबीर लावायची. तुझं कार्ड टाकलं त्याच आठवड्यात ती कमरेला पदर खोचून भांडायला आली. माझ्या मातीतले किडे तिच्या कोथिंबिरीत नाचताहेत म्हणे. मी भिंग घेऊन गेलो. पांढरे, मोहरीहून बारीक, पोटाखालच्या शेपटीनं टुणकन उडी मारणारे. मी ज्यांना शून्य लिहिलं होतं तेच हे!

साहेबांनी मग ताजी माती आणवली, फडक्यानं झाकून ठेवायला लावली आणि रोज चूळभर पाणी शिंपडायला सांगितलं. सहाव्या दिवशी नरसाळ्यात घातली तर एकतीस पडले. साहेब म्हणाले, "तुझं शून्य म्हणजे 'नाहीत' असं नव्हे. शून्य म्हणजे 'आले नाहीत'." उन्हाळ्यात ते खोल जातात. वर वणवा गेला तरी चार बोटं खाली माती गार असते. काही अंग आकसून, वाळल्यासारखे पडून राहतात, काही अंड्यातच थांबतात. कोरड्या मातीवर दिवा धरला तर त्यांना हलताच येत नाही, पुष्कळसे जागच्या जागी मरतात; अंडी तेवढी टिकतात आणि पुढं ओल लागली की फुटतात, कोथिंबिरीत झालं तसं. आधी ओल द्यायची, थांबायचं, मगच त्यांना बोलवायचं.

आणि मी आपली माती मे महिन्यात, खडखडीत कोरडी, कंदिलाखाली धरली होती.

आबांना हे सांगू नकोस. म्हणजे सांगायला तर हवंच. पण मी सांगीन. कुठल्या तोंडानं ते अजून ठरत नाही. तूर्त सांगू नकोस.

तुझा धाकटा,
गोरक्ष


।। श्री ।।
राणीखेतजवळ,
ता. १५ जून १९७३

आक्का, हे पत्र आबांचं आहे. जसं लिहिलंय तसं वाच, पदरचं घालू नकोस. मागच्या वेळी 'सांगू नकोस' म्हणून बजावलं, तर तू 'सांगू नकोस' हेही शब्द त्यांना वाचून दाखवलेस. धन्य आहे तुझी.

तीर्थरूप आबांच्या चरणी,
बालके गोरक्षचा साष्टांग दंडवत.

वि. वि. पाच वर्षांत तुम्हाला पत्र लिहिलं नाही. मायना काय घालावा यातच दोन कागद वाया गेले, मग जुनाच घातला.

तुम्ही धाडलेली माती पोचली. खर्ड्याच्या पोस्टात आक्कानं 'आत माती हाय' म्हणून सांगितलं तेव्हा तिथले मास्तर म्हणाले म्हणे, "का, हिमालयात माती न्हाई व्हय?" पिशवी उघडायच्या आधी मी तिची शिवण बघत बसलो. सुतळीची, दाभणानं घातलेली, दर चार टाक्यांना गाठ. ती कुणाच्या हातची ते सांगायला पत्र लागत नाही. तुमचा निरोप आक्कानं एका ओळीत लिहिला होता: "आता तपास म्हनावं. मेली का जिती, खरं सांग म्हनावं."

खरं सांगतो. घाई केली नाही तेही सांगतो.

माती मडक्यात घातली, वर फडकं बांधलं आणि रोज सकाळी चूळभर पाणी शिंपडलं. पाणी शिंपडताना दर वेळी तुमचा हंडा आठवत होता. पहिले चार दिवस भिंगातून नुसती ढेकळं दिसली. माझा धीर सुटला. साहेबांना म्हणालो, दहा दिवस टपालाच्या थैलीत उन्हातान्हात आलेली माती, वाटेत मेले असतील सगळे. ते म्हणाले, "तुला मेले म्हणायची फार घाई असते." हे वाक्य तुम्ही ऐकायला हवं होतं, आबा.

आठव्या दिवशी माती नरसाळ्यात घातली. खाली स्पिरिटची बाटली ठेवायची रीत आहे, पडलेला जीव तिच्यात पडताक्षणी मरतो. वर्षानुवर्षं हेच करतात, मीही हजारो मारलेत. तुमच्या मातीखाली मला ती ठेववेना. ओला टीपकागद ठेवला. दिवाही लांब टांगला, ऊब बेतानं लागावी म्हणून. साहेब येऊन बघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीपकागदावर एक पांढरा ठिपका होता. धूळ असेल म्हणून मी फुंकर घालणार, तेवढ्यात त्यानं उडी मारली. आबा, मी मोठ्यानं ओरडलो. चौकीदार काठी घेऊन धावत आला, त्याला वाटलं साप निघाला.

चार दिवसांत मिळून सतरा आले. नऊ उड्या मारणारे, सात कोळ्याच्या जातीचे, तांबूस, चकचकीत पाठीचे, आणि एक पांढरी गोम, तांदळाच्या दाण्याएवढी.

सतरा म्हणजे थोडे आहेत, फुगवून सांगत नाही. आणि एका पिशवीवरून सगळ्या पट्टीचं सांगता येत नाही, हेही शिकलोय. पण दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलेल्या रानातून, एवढ्या प्रवासातून ते जिते आलेत. जमीन मेलेली नाही. तेव्हाही मेलेली नव्हती. मी तिला भर उन्हाळ्यात कोरडी उकरली, दिव्याखाली धरली आणि ती बोलली नाही म्हणून मेली म्हणालो. चूक माझी. पाच वर्षांपूर्वी चावडीवर बोललो होतो, तेव्हा हेही चावडीवरच बोलेन, काकासाहेबांसमोर. त्यांना हसायचं तेवढं हसू दे.

त्या सतरा जणांना मी परत मडक्यात सोडलंय. मडकं माझ्या खिडकीत सावलीला आहे. चौकीदाराच्या बायकोनं त्यात कोथिंबीर लावू का म्हणून विचारलं. मी नको म्हणालो, तेव्हा ती रुसली.

आता एक गोष्ट. आक्कानं तिच्या पत्राच्या पाठीमागं बारीक अक्षरात काही लिहिलं होतं आणि 'आबांना कळू देऊ नको' असं खाली बजावलं होतं. आक्का, वाचता वाचता थांबू नकोस. मीही तुझाच भाऊ आहे.

आबा, ती लिहिते की ही माती तुम्ही वरच्या पट्टीतल्या त्याच जागेवरून आणलीत जिथून मी काढली होती. भर दुपारी, एकट्यानं जाऊन. आणि ती हातभर जागा तुम्ही पाच वर्षं नांगराखाली घातलीच नाही. भोवती दगड लावलेत. उकिरड्यातल्या खताची पहिली पाटी दर साली तिथं पडते. लिंबाचा पाला तिथं, तुरीचं भुसकाट तिथं. औंदा खत नाही, बैल छावणीत, तर तुम्ही झाडलोटीचा पाचोळा गोळा करून तिथं नेऊन पसरत होता. गावातले म्हणायचे, गहिनीनाथाला म्हातारचळ लागला. आक्कानं एकदा विचारलं, तर तिला म्हणालात, "पोराला दावायचं हाय."

ही गोष्ट ते कोपरा फाटलेलं कार्ड येण्याच्या आधीची. मागच्या साली विचारलं होतं म्हणे. त्याच्या मागच्या सालीही तुम्ही पाटी नेतच होता. म्हणजे माझ्या नावानं आंघोळ करून झाली होती, तुमच्या तोंडी माझं नाव येत नव्हतं, आणि तुम्ही मला दाखवायला म्हणून ती जागा राखत होता. मेलेल्या पोराला कुणी काही दाखवायला ठेवतं का, आबा? मी इथं बसून म्हणत होतो की बापानं मला तोडलं. मला इतकंसुद्धा ओळखता आलं नाही. शिकलो ते काय शिकलो?

मी रजा घेतली आहे. पंचवीस तारखेला निघतो, एकोणतीस किंवा तीसला पोचेन. एसटी फाट्यावर सोडते तिथून चालत येईन, कुणाला घ्यायला धाडू नका. घरी न थांबता आधी वरच्या पट्टीत जाईन. तुम्ही तिथंच असा. बोलायचं नसलं तर बोलू नका. पण मला जे दाखवायचं होतं ते तुम्ही तुमच्या हातानं दाखवा.

पत्राखाली 'आपला आज्ञाधारक' असं लिहायची रीत आहे. ते लिहायला मला तोंड नाही. म्हणून तुम्ही आक्काजवळ जे म्हणालात तेच लिहितो.

तुमचं पोर,
गोरक्ष